स्तांकाचं जिवंतपणीचं जेवण

स्तांका मरणार ही बातमी प्लोपी गावात मंगळवारी फुटली आणि खुद्द स्तांकाच्या कानावर ती गुरुवारी आली. मधले दोन दिवस गावाने हळहळण्यात घालवले. तिचं तिलाच अजून ठाऊक नाही, या विचाराने त्या हळहळीला वेगळीच गोडी आली होती.

बातमी फुटली ती औषधांच्या दुकानातून. प्लोपीत दुकान एकच आणि त्यात बसणारी जेताही एकच, पण बातमी पोचवण्याच्या कामात ती दहाजणींना भारी होती. स्तांकाचा नवरा पांते चिठ्ठी घेऊन आला. जेताने चिठ्ठी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि कुलपाचं कपाट उघडण्याआधी हळूच म्हणाली, "पांतेभाऊ, धीर धरा हो." पांते काही बोलला नाही. तो कधीच काही बोलत नाही. पण त्या दिवशी त्याच्या न बोलण्याला अर्थ होता असं जेताने ठरवलं. चिठ्ठीवर मॉर्फिनच्या गोळ्या लिहिलेल्या होत्या. प्लोपीत मॉर्फिन मिळतं ते कॅन्सरवाल्याला, आणि तेही पाद्रीबाबा मरणाऱ्याला लावायच्या तेलाची डबी घेऊन येऊन गेल्यावर. म्हणजे स्तांकाला कॅन्सर होता, आणि तोही शेवटचा. हिशोब सोपा होता. त्यात खोट काढायची कुणाला गरजही वाटली नाही.

खरं काय ते असं. नऊ वर्षांपूर्वी स्तांका अक्रोड झोडपायला झाडावर चढली होती, कारण पांतेला उंचीवर भोवळ येते आणि शेजाऱ्यांना विनवणं तिच्या स्वभावात नव्हतं. फांदी मोडली. कंबरेचा मणकाही मोडला. शहरात ऑपरेशन झालं, मणका सांधला, पण आतली एक नस कायमची बिघडली. तेव्हापासून डाव्या कुल्ल्यापासून करंगळीपर्यंत उकळतं तेल ओतत राहावं तसा पाय जळायचा. पांघरुणाचा काठ लागला तरी ती दात आवळायची. बसणं तर सुटलंच. शाळेच्या खानावळीत ती स्वयंपाकीण होती, ती नोकरी गेली. घरी ती उभ्याने जेवायची, ताट फडताळावर ठेवून. चर्चमध्ये म्हाताऱ्या बायका तिच्याकडे बोट दाखवून सुनांना सांगायच्या, "बघा, किती भक्ती, पूर्ण प्रार्थनेत एकदा बसत नाही." स्तांकाला हसू यायचं, पण हसलं की कंबरेत कळ जायची.

गावाने उपाय सुचवायचं सोडलं नाही. कोबीची पानं बांधून झाली. हंसाची चरबी झाली, प्लमच्या दारूने चोळणं झालं. मधमाश्या डसवून दुखणं काढणारा एक माणूस शेजारच्या गावातून आला, त्याने तिच्या पायाला अकरा माश्या डसवल्या आणि कोंबडी घेऊन गेला. पाद्रीबाबा म्हणाले, दुखणं ही देवाची देणगी आहे, आपल्या माणसालाच तो देतो. स्तांकाने विचारलं, "मग गेल्या उन्हाळ्यात तुमची दाढ ठणकली तेव्हा देणगी परत करायला शहरात का पळालात?" पाद्रीबाबांनी पुढे वर्षभर देणगीचा विषय काढला नाही.

आणि नणंद. पांतेची थोरली बहीण तुदोरित्सा समोरच्याच घरात राहायची. विधवा, कडक, गावातल्या प्रत्येक मयताला आंघोळ घालण्याचा मान तिचा. "सहन करायचं असतं," ती म्हणायची. "मी चार बाळंतपणं केली, तोंडातून हूं काढलं नाही."

"वन्सं, तुमची बाळंतपणं एकेका दिवसात आटपली. माझं नऊ वर्षं चाललंय आणि पोरही होत नाही."

शेवटी स्पेनमध्ये एका म्हातारीची सेवा करणाऱ्या मुलीने, मिरेलाने, फोनवरून भांडून भांडून आईला शहरातल्या दुखण्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी कागद पाहिले, पायावरून कापसाचा बोळा फिरवला, स्तांकाच्या डोळ्यांतून पाणी आलेलं पाहिलं, आणि सांगितलं: नस दुरुस्त होणार नाही, पण असं जगायचीही गरज नाही. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. बद्धकोष्ठ होईल, थोडे दिवस झापड येईल, मनाने कमीजास्त करायची नाही आणि अचानक बंद तर मुळीच करायची नाही. दर महिन्याला गावच्या डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहून देतील.

गोळ्यांनी दुखणं गेलं नाही. ते उठून शेजारच्या खोलीत जाऊन बसलं. तिथून त्याचं कण्हणं ऐकू यायचं, पण दार लोटलेलं होतं. तिसऱ्या आठवड्यात स्तांकाने खुर्ची ओढली, टेबलापाशी बसली आणि मक्याची उकड चीज घालून सावकाश खाल्ली. पांते समोर बसला होता. त्याने चमचा खाली ठेवला आणि ती खात होती तोवर नुसता बघत राहिला.

तोपर्यंत गाव मात्र येऊन जायला लागलं होतं. पहिली आली शेजारीण वेता, अक्रोडाचा गोड पाव घेऊन. पाव टेबलावर ठेवून तिने स्तांकाचा हात धरला.

"स्तांकाबाई, माझं काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला."

"काय चुकलं?"

वेताने डोक्याच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. "पूर आला त्या साली तुमची ठिपक्यांची कोंबडी हरवली. ती हरवली नव्हती. आमच्या सारात होती."

"ती आजारी होती," स्तांका म्हणाली. "म्हणूनच बाहेर सोडली होती. पण हे आज का सांगतेस?"

वेताने तुदोरित्साकडे पाहिलं. तुदोरित्सा दारात हात बांधून उभी होती. मरणाऱ्याकडे माणसं क्षमा मागायला येतात तेव्हा घरातलं कुणीतरी असं दारात उभं राहायचंच असतं. तेव्हा कुठे स्तांकाच्या डोक्यात उजेड पडला.

"अगं, मला कॅन्सर नाही. नस आहे. कंबरेतली नस."

वेताचे डोळे भरून आले. ती तुदोरित्साच्या कानाशी लागली, पण हळू बोलणं तिला कधीच जमलेलं नाही. "सांगितलं नाहीत ना तिला? बरं केलंत. माझ्या सासऱ्यांनाही आम्ही शेवटपर्यंत पोटातला वायूच सांगितला होता."

आता यावर काय बोलणार? प्लोपीत कॅन्सर झालेल्या माणसाला कॅन्सर झालाय हे कुणी सांगत नाही. सगळ्या गावाला ठाऊक असतं, त्याला सोडून. त्याला सांगतात नस, वायू, थकवा, जुनी सर्दी. तेव्हा स्तांका जितकं नस नस म्हणेल तितकी गावाची खात्री पटत जाणार, हे उघड होतं. ती ओरडली तर म्हणत, बिचारीला आतून कळतंय. ती हसली तर म्हणत, बिचारीला काहीच कळत नाहीये. शाळेतली जुनी शिपाईण येऊन शिवणयंत्राची चौकशी करून गेली, "तुमच्या मागे गंजून जाईल हो." मिरेलाचा फोन आला तो रडतच. तुदोरित्सा आत्याने तिला सगळं सांगितलं होतं.

"आई, माझ्यापासून लपवू नकोस."

"तूच मला त्या डॉक्टरांकडे धाडलंस ना? मग त्यांनाच विचार."

"ते खरं सांगतील कशावरून?"

फोन ठेवून स्तांका परसात गेली. पांते वेलींना आधाराच्या काठ्या बांधत होता.

"अहो, डॉक्टर तुमच्याशी वेगळं काही बोलले होते का?"

"नाही."

"माझ्याकडे बघून सांगा."

"नाही, अगं. नसच म्हणाले."

"मग खाली काय बघताय?"

"मी नेहमीच खाली बघतो," पांते म्हणाला. हे अगदी खरं होतं. स्तांकाचा जीव थोडा भांड्यात पडला.

मग वसंत आला आणि स्तांकाने गावाची मोठीच पंचाईत केली. ती मरेना. तिने लसूण खुरपला, खिडक्या रंगवल्या, टोमॅटोची रोपं लावली. गावच्या चर्चच्या उत्सवाला ती धुतलेला स्कर्ट घालून गेली आणि संथ फेराच्या नाचात शिरली. एक फेरी, जास्त नाही. डावा पाय ती जपून टाकत होती. एका बाजूला पांतेचा हात, दुसऱ्या बाजूला कुणा पाव्हण्याचा. वाजवणाऱ्यांनी तिला पाहून ठेका मंद केला. ते परगावचे होते, त्यांना काही ठाऊक नव्हतं. बाकी सगळं गाव नाच सोडून तिच्याकडे असं बघत राहिलं की जणू तिने भर चौकात अंगावरचे कपडे काढले होते.

तुदोरित्साने घरापर्यंत धीर धरला. फाटक लागताच ती म्हणाली, "लोकांनी तुझ्यासाठी मेणबत्त्या लावल्या आहेत, ठाऊक आहे ना? पैसे मोडून लावल्या आहेत."

"परत न्या म्हणावं, अजून जळायच्या उरल्या असतील तर."

"थट्टा सुचतेय. मला एक सांग, मरत नाहीस तर या गोळ्या कशाला खातेस?"

"दुखतं म्हणून."

"दुखतं सगळ्यांनाच. जेता म्हणते, या गोळ्या धडधाकट माणसाने खाल्ल्या तर तो गर्दुल्ला होतो. शहरातली पोरं नाल्यात पडलेली असतात तशी. माझ्या भावाच्या घरात गर्दुल्ली बाई?" तिचा आवाज खरोखर कापला. "मेलेली परवडली."

हे ती मनापासून म्हणाली होती. तुदोरित्सा खोटं कधी बोलत नसे, हीच तिची अडचण होती.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई, राल्का सेर्बान, वयाने लहान, आठवड्यातून तीन दिवस शहरातून यायच्या आणि उरलेले दिवस घाबरण्यात घालवायच्या. पलीकडच्या तालुक्यात एका डॉक्टरची अशाच चिठ्ठ्यांवरून चौकशी झाली होती. तुदोरित्साने सांगितलं की स्तांकाच्या चिठ्ठ्या थांबल्या नाहीत तर मी गावातल्या वीस बायांना घेऊन शहरात जाईन, मोठ्या साहेबांसमोर उभी राहीन. तेवढं पुरलं. स्तांका महिन्याची चिठ्ठी घ्यायला गेली तेव्हा डॉक्टरीणबाई तिच्याकडे न बघता रबराचे हातमोजे नीट करत होत्या.

"स्तांकाबाई, तुम्ही नाचलात म्हणे."

"नाचले."

"म्हणजे आता दुखत नाही."

"गोळी घेतली म्हणून नाचले. चष्मा लावून वाचणाऱ्याचा चष्मा काढून घेता का तुम्ही, बघा दिसतंय की म्हणून?"

"तसं नाही. पण गावातून तक्रार आली तर माझी नोकरी जाईल. शहरातल्या डॉक्टरांचं काय जातं लिहायला? सही माझी असते." मग जरा मऊ होऊन त्या म्हणाल्या, "कॅन्सर असता ना तुम्हाला, तर मी एक शब्द विचारला नसता."

"असं आहे होय? मग किती दिवसांत आणून देऊ?"

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली आणि साध्या, कपाळदुखीच्या गोळ्या लिहून दिल्या. मनाने अचानक बंद करायची नाही हे शहरातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. डॉक्टरांनीच अचानक बंद केली तर काय करायचं हे सांगायचं त्यांना सुचलं नसावं.

पहिल्या दिवशी तिला जांभया आल्या, एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत. मग घाम आणि हुडहुडी. पाय आपोआप झटके द्यायला लागले. आणि शेजारच्या खोलीतलं दुखणं दार फोडून आत आलं, आणि इतके महिने बाहेर बसवल्याचा राग त्याने एकदम काढला. स्तांका भिंतीला धरून उभी राहायची आणि उभं राहणं अशक्य झालं की जमिनीवर एका कुशीवर पडायची. पांते डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आला. टोपी हातात धरून तिथे उभा राहिला आणि टोपी डोक्यावर घालून परत आला. शहरातल्या डॉक्टरांना त्याने फोन लावला. त्यांच्या मदतनीसाने पुढल्या महिन्यातली वेळ दिली.

स्तांकाची ती दशा बघून गावाला मात्र हायसं वाटलं. आता कसं, जसं असायला हवं तसं दिसत होतं. बाया पुन्हा सार घेऊन यायला लागल्या. नाचाबद्दल जे कुणी वाकडं बोलले होते त्यांना पश्चात्ताप झाला: जाताजाता एकदा नाचून घेतलं बिचारीने, आणि आपण काय बोललो.

तुदोरित्सा तर घरातच राहायला आली. तिने स्तांकाचं अंग कोमट पाण्याने पुसलं, केस विंचरून सैल वेणी घातली, चादर अशी घातली की पायाला कुठे शिवणार नाही. तीस वर्षांत या नणंदेने स्तांकाला माया करून कधी हात लावला नव्हता. आता त्याच हातांत इतका हलकेपणा होता की स्तांका थक्क झाली. जिवंत माणसांचा तुदोरित्साला कंटाळा होता. ती मरणाऱ्यांसाठीच बनलेली होती, आणि त्यांच्या वाट्याला तिची सगळी माया जायची.

"स्तांका," ती ओल्या फडक्याने तिचं कपाळ पुसत म्हणाली, "जिवंतपणीचं जेवण घालून टाक. मी तुला हिवाळ्यापासून सांगतेय. आपल्या हाताने घातलेलं वरती पोचतं. मागून घातलेल्याचा काय भरवसा, पांतेला सार तरी करता येतं का?"

हिवाळ्यापासून ती मागे लागली होती हे खरं. प्लोपीत वय झालेली, दुखणाईत माणसं मरणाआधी स्वतःच्या नावाचं जेवण स्वतःच घालतात. पाद्रीबाबांना बोलावतात, गावाला बसवतात, ताटली, सुरई, पंचा, मेणबत्ती वाटतात. इथे दिलेलं तिथे आपल्याला मिळतं असं मानतात. स्तांकाने दर वेळी एकच उत्तर दिलं होतं: मी मरत नाहीये. त्या एका वाक्यावर तिने सगळा हिवाळा काढला होता. गावात खरं बोलणारी एक तरी बाई असावी, असा तिचा हट्ट होता.

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. पायात आग होती, दात वाजत होते.

"आणि जेवण घातल्यावर?" तिने विचारलं.

"मन शांत होतं."

"मनाचं सोडा. गोळ्यांचं?"

तुदोरित्साला प्रश्नच कळला नाही. "त्यात काय? जेवण घातलेल्या माणसाला कोण नाही म्हणेल? तू एकदा मानलंस ना, की मी स्वतः जाते डॉक्टरीणबाईंकडे. तेव्हा मला वाटलं होतं तू उगाच खातेस. मरणाऱ्याला का कुणी तडफडत ठेवतं? आम्ही काय जनावरं आहोत?"

स्तांकाने डोळे मिटले. म्हणजे प्रश्न दुखतंय की नाही हा नव्हताच. नऊ वर्षं ती या लोकांना दुखतंय हे पटवत बसली होती, आणि त्यांना ते पहिल्यापासून मान्य होतं. फक्त जगणाऱ्याचं दुखणं त्यांच्या लेखी मोजलं जात नव्हतं. तिला या सगळ्यांची किळस आली, आणि सर्वांत जास्त स्वतःची, कारण पुढचे शब्द तिच्या जिभेवर आलेच होते.

"ठीक आहे, वन्सं," ती म्हणाली. "मरते मी."

तुदोरित्साने तिला मिठी मारली, पाय सांभाळून, आणि दोघींच्याही गालांना तिचे अश्रू लागले. संध्याकाळच्या आत चिठ्ठी लिहून झाली, गोळ्या घरात आल्या. जेताने त्या फुकट पिशवीत घालून दिल्या आणि वर एक मेणबत्ती ठेवली.

जेवण रविवारी झालं. आठवड्याभराच्या गोळ्यांनी स्तांका पुन्हा माणसात आली होती, आणि स्वयंपाक कुणाला करू देणारी ती बाई नव्हती. स्वतःच्या मरणाच्या जेवणाचे कोबीच्या पानांचे सारमाले तिने स्वतः वळले, भात आणि डुकराचं मांस घट्ट भरून, कारण वेता वळते ते पातेल्यात सुटतात. आंबट सार झालं, कोंबडी झाली, शिजवलेल्या गव्हाचा गोड प्रसाद झाला, त्यावर साखरेचा क्रूस. अंगणात लांब टेबलं लागली. तुदोरित्सा यादीवर यादी सांगत होती.

"पलंग दे कुणाला तरी. नाहीतर तिथे उभं राहावं लागेल."

"इथे नऊ वर्षं उभीच होते, सवय आहे."

"निदान खुर्ची दे."

खुर्ची वेताला मिळाली. ती हातात धरून तिने क्षमा झाल्याची ग्वाही दिली आणि लगेच बसून पाहिली, नीट आहे की नाही ते. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, देवाच्या दासी स्तांकाच्या नावाने. त्यांच्या बाजूला सान्दु उभा राहून सुरात साथ करत होता, चर्चमध्ये गाणारा, एका पायाचा, दोन कुबड्यांचा. गाव जेवलं. गावाने दोनदा सारमाले घेतले आणि बाईच्या हाताला काय चव होती असं म्हटलं, बाई समोर वाढत असताना. डॉक्टरीणबाईही आल्या होत्या. त्या ताटाकडे बघत जेवल्या.

स्तांका सुरई घेऊन एका टेबलावरून दुसऱ्याकडे जात होती. तुदोरित्सा तिच्या दंडाला धरून पुटपुटली, "जरा टेकून बस ना. लोकं काय म्हणतील?"

"वन्सं, मी पहिल्यांदाच मरतेय. चुका होणारच."

पण ती बसली. उशी घेऊन, मान किंचित तिरपी करून बसली, आणि लोक येऊन हात दाबून गेले. सगळे किती समाधानी दिसत होते. नऊ वर्षांत या अंगणात कुणी तिच्याशी इतकं प्रेमाने बोललं नव्हतं. तिने ते प्रेम जसं आलं तसं घेतलं, बाजारात खोटं वजन माहीत असूनही भाजी घ्यावी तसं, कारण घरी चूल पेटवायची होती.

सगळे गेल्यावर ती ताटल्या विसळत होती. पांते कोरड्या करत होता. त्याने जेवणाला हात लावला नव्हता हे तिच्या लक्षात आलं होतं.

"अगं," तो म्हणाला, "पण हे खरं नाही ना?"

ती वळली. त्याचे डोळे सुजले होते.

"डॉक्टर नस म्हणाले तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात."

"बसलो होतो. पण सगळं गाव म्हणतंय."

स्तांकाच्या तोंडाशी आलं ते तिने गिळलं. बावळट माणसा, म्हणायचं होतं. तिने हात पुसले आणि त्याच्यासाठी सारमाल्यांची ताटली वाढली. "बसा. खा. मी काही कुठे जात नाही. फक्त बाहेर तसं म्हणू नका."

त्यानंतर दर महिन्याला चिठ्ठी मिळत गेली. स्तांका बागेत दिसली की गाव म्हणायचं, शेवटी शेवटी अशी तरतरी येते. द्राक्षं काढायला ती टोपली घेऊन गेली तेव्हाही म्हणालं. नाचायला मात्र ती पुन्हा गेली नाही. उत्सवाला वाद्यं वाजली की ती फाटकाशी खुर्ची टाकून बसायची, आणि उजव्या पायाने, कुणाला दिसणार नाही असा, ठेका धरायची. तेवढी किंमत तिने मोजली. ती रास्त आहे असं तिला कधी वाटलं नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा एकदा ती दवाखान्याच्या बाकावर आपला नंबर येण्याची वाट बघत होती. सान्दु कुबड्या टेकत आला आणि शेजारी बसला. साखरेच्या आजाराने त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला होता, आणि गावाच्या रीतीप्रमाणे त्याने तो स्मशानात आईच्या शेजारी पुरला होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"स्तांकाताई, एक विचारू? हसायचं नाही."

"बघते. विचार."

"पाय नाही. आईजवळ पुरलाय. तरी बोटं जळतात. नसलेली बोटं. कुणी पिळून काढावी तशी. रडू येतं हो. आईशपथ, सुरात गाताना मी ओरडत असतो, लोकांना वाटतं आवाज चढवलाय." त्याने आजूबाजूला पाहिलं. "डॉक्टरीणबाई म्हणतात, सवय होईल. तुमच्यासारख्या गोळ्या मला मिळतील का? पाय तर माझा मेलेलाच आहे."

"नुसता पाय मरून भागत नाही, भाऊ," स्तांका म्हणाली. "इथे माणूस अख्खा लागतो."

सान्दुला आधी कळलं नाही. मग कळलं. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, तिच्या ताठ बसण्याकडे पाहिलं, मांडीवरच्या टोमॅटो खुरपून भेगाळलेल्या हातांकडे पाहिलं. त्याने उन्हाळ्यात तिच्या नावाने पूर्ण गळ्याने प्रार्थना म्हटली होती, आणि तीनदा सारमाले घेतले होते.

"म्हणजे तुम्हाला..."

"नस आहे. कंबरेतली. हे मी सगळ्यांना सांगत आले, तुलाही सांगितलंय."

आतून डॉक्टरीणबाईंनी तिचं नाव पुकारलं. स्तांका भिंतीला धरून सावकाश उठली. सान्दुने कुबडी आडवी धरून तिला थांबवलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"ताई, किती माणसं बोलवावी लागतात?"

"गाव सगळं. आणि तुदोरित्सावन्संना आधी. त्यांनी मानलं की झालं."

"आणि मांस? माझ्याकडे एकच डुक्कर आहे."

"पुरेल," स्तांका म्हणाली. "भात जास्त घाल. पण सारमाले वेताकडून वळवून घेऊ नकोस. मी येईन."